८×४२ दुर्बीण : ८ हजारांची, १५ हजारांची की ३० हजारांची? आणि हातात आलेला नग तपासायचा कसा?

शिक्रा

शाळेच्या निसर्ग मंडळासाठी पाच दुर्बिणी घ्यायच्या आहेत. एकूण ६० हजार मंजूर झालेत, म्हणजे नगाला १२ हजार. वापरणार आठवी ते दहावीची मुलं. सकाळी पक्षी, हिवाळ्यात एखाद-दोन आकाशदर्शनं.

८×४२ (म्हणजे पॉवर ८ पट, पुढची काच ४२ मिमी व्यासाची) लिहिलेली दुर्बीण साडेतीन हजारांपासून अडीच-तीन लाखांपर्यंत मिळते. आकडे तेच, आणि खोक्यावरचे शब्दही तेच : फुली मल्टिकोटेड, बाक-४ (लोलकाची काच), वॉटरप्रूफ. मग पैसे नेमके कशाचे? माझं मत असं की १५ हजारांच्या खाली सगळा नशिबाचा खेळ आहे, तेव्हा पाचऐवजी दोनच घ्याव्यात पण बऱ्या घ्याव्यात. हे बरोबर आहे का? आणि घेतलेला नग चांगला की वाईट हे साध्या साधनांनी कसं ठरवायचं? कुठला ब्रँड श्रेष्ठ हा वाद कृपया इथे नको.

लोलक

पैसे तीन ठिकाणी जातात : काच, कोटिंग आणि नापास केलेले नग. तिसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सरळ नळ्यांची, म्हणजे रूफ प्रिझमची ८×४२ घ्या. तिच्यात बहुधा श्मिट-पेचान लोलक असतो. त्याच्या छपरासारख्या दोन पृष्ठांमधला कोन ९० अंशांचा हवा आणि त्यात जेमतेम काही आर्क सेकंदांची चूक चालते. एक आर्क सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. चूक त्याहून वाढली की प्रत्येक बिंदूची जोडी दिसायला लागते आणि चित्र कितीही फोकस केलं तरी 'बसत' नाही. कोन इतका काटेकोर घासायचा, मोजायचा आणि चुकलेला लोलक बाजूला काढायचा, यालाच पैसे पडतात.

बाजारातल्या कितीतरी नावांच्या दुर्बिणी मोजक्याच कारखान्यांतून येतात. चीनमध्ये युन्नान प्रांतातलं कुनमिंग हे त्याचं मोठं केंद्र. जपानमध्ये कामाकुरा कोकीसारख्या कंपन्या दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून देतात. एकाच साच्यातली बॉडी, एकाच शेडमध्ये जुळवलेली, दोन वेगळ्या किमतींना विकली जाते, ती दोन कारणांनी : आतली काच-कोटिंग वेगळी मागवलेली असते आणि 'चालेल' ही रेषा कुठे आखायची हे मागणी देणारा ठरवतो. ज्याने दहातले दोन नग परत पाठवायचा करार केला, त्याला उरलेले आठ महागच पडणार. ज्याने सगळे उचलले, त्याचे ते दोन नग कुणाच्या तरी घरी जाणारच.

म्हणून १५ हजारांखाली नशिबाचा खेळ आहे हे मला अर्धंच पटतं. तिथे तपासणीचं काम गिऱ्हाइकावर ढकललेलं असतं, इतकंच. ते गिऱ्हाइकाने केलं तर नशिबाचा वाटा बराच कमी होतो.

मृग_नक्षत्र

कोटिंगचा हिशेब मांडतो, कारण खोक्यावरची सगळ्यात जास्त फसवणूक तिथे आहे.

उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या पोरो, म्हणजे मध्ये वळलेल्या रुंद नळ्यांच्या दुर्बिणीत एका नळीत हवा-काच अशी १० पृष्ठं धरा : ऑब्जेक्टिव्हची (पुढच्या भिंगाची) दोन, दोन लोलकांची चार, आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगांची) चार. कोटिंग अजिबात नसेल तर ०.९६ चा दहावा घात, म्हणजे ६६ टक्केच प्रकाश डोळ्यात पोचतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर दिला की तोटा पृष्ठामागे दीड टक्क्यावर येतो आणि ८६ टक्के पोचतो. बहुथरी कोटिंगने तोटा अर्ध्या टक्क्यावर आला तर ९५. काचेत आणि आरशाच्या पृष्ठावर होणारा तोटा यात धरलेला नाही. कोटिंगचा शोध जुना आहे, झाइस या जर्मन कंपनीत स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये लावला.

'कोटेड' म्हणजे कुठल्यातरी एका पृष्ठावर तरी एक थर. 'मल्टिकोटेड' म्हणजे काही पृष्ठांवर अनेक थर. 'फुली मल्टिकोटेड' म्हणजे हवेला लागलेल्या प्रत्येक पृष्ठावर अनेक थर. आठ हजारांच्या आतल्या खोक्यांवर हा शेवटचा शब्द सर्रास असतो आणि आत लोलकांची पृष्ठं कोरी असतात.

तपासायची पद्धत : ट्यूबलाइटखाली उभं राहा, ऑब्जेक्टिव्हकडून आत बघा आणि दुर्बीण हळूहळू तिरकी करा. ट्यूबच्या एकामागे एक प्रतिमा दिसतील. सगळ्या हिरवट, जांभळट, मंद असतील तर ठीक. त्यातली एक जरी ठळक पांढरी दिसली तर ते पृष्ठ कोरं आहे. मग आयपीसच्या बाजूने तेच करा.

पाणलावा

लाल काचेची दुर्बीण कशी असते? किल्ल्यांच्या पायथ्याशी, हिल स्टेशनवर बघतो. ६०×६०, नाइट व्हिजन, अडीच हजार.

मृग_नक्षत्र

@पाणलावा, हात लावू नका. लाल कोटिंग लाल प्रकाश परत पाठवतं, त्यामुळे चित्र हिरवट-निळसर आणि अंधुक होतं. रात्री दिसण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि ६० ही पॉवर खोटी असते. मोजून बघता येते. दुर्बीण उजेडी आकाशाकडे (सूर्याकडे कधीही नाही) रोखा, आयपीसमागे ट्रेसिंग पेपर धरून पुढेमागे करा. ज्या अंतरावर प्रकाशाचा ठिपका सगळ्यात रेखीव दिसेल तिथे त्याचा व्यास मोजा. हा एक्झिट प्यूपिल. ऑब्जेक्टिव्हचा व्यास भागिले हा आकडा म्हणजे खरी पॉवर. पुढची काच पट्टीने ३५ मिमी भरली आणि ठिपका ४.४ मिमी आला तर ती ८ची दुर्बीण झाली. खोक्यावर ६०×६० असलं तरी! खरोखर ६०×६० असती तर ठिपका १ मिमीचा आला असता, चित्र काळोखं दिसलं असतं आणि हातात धरून तर काहीच दिसलं नसतं.

तांबट

वरच्या मोजणीत एक पायरी राहिली. पुढची काच ४२ मिमीची असली तरी आतली गोल पट्टी किंवा लहान काढलेला लोलक प्रकाश अडवतो, आणि स्वस्त मालात हे फार होतं. म्हणून आधी खरा व्यास काढा.

दुर्बीण दूरच्या वस्तूवर फोकस करून ठेवा. अंधाऱ्या खोलीत आयपीसमागे २५-३० सेमीवर मोबाइलची टॉर्च धरा आणि ऑब्जेक्टिव्हच्या अगदी पुढे आलेखाचा कागद लावा. कागदावर जे उजेडाचं वर्तुळ पडेल तो वापरात असलेला व्यास. ४२ लिहिलंय आणि ४१ आलं तर काही बिघडत नाही, मोजण्यातही तेवढं इकडेतिकडे होतं. ३७ आलं तर ३७ चा वर्ग भागिले ४२ चा वर्ग, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा २२ टक्के प्रकाश कमी. तुम्ही ४२ चं वजन आणि ४२ ची किंमत देऊन ३७ ची दुर्बीण घेतलीत. पॉवर काढताना भागाकारातही हाच आकडा घ्यायचा.

त्याच वेळी एक्झिट प्यूपिलचा आकार नीट बघून घ्या. दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसमध्ये उजेडाचा ठिपका बघायचा. तो गोल हवा. पोरोत कडेने चार बाजूंना करड्या सावल्या पडून चौकटीसारखा दिसला तर लोलक बीके-७ काचेचा आहे. त्या काचेचा वक्रीभवनांक १.५१७, बाक-४ चा १.५६९; कमी असल्यामुळे कडेचे किरण पूर्ण परावर्तित न होता गळतात. गोलाचा एका बाजूने लचका तोडल्यासारखा दिसला तर आतला लोलक लहान आहे किंवा सरकलाय.

धनेश_गुहागर

बीके-७ म्हणजे टाकाऊ, असं मात्र कुणी समजू नये. रूफ प्रिझममध्ये आणि लांब नळीच्या पोरोत बीके-७ ने फारसा फरक पडत नाही. 'बाक-४' हा शब्द जाहिरातवाल्यांनी शिक्का करून ठेवलाय.

आमच्याकडे किनाऱ्यावर वेगळाच प्रश्न आहे : बुरशी. कोकणात वॉटरप्रूफ नसलेली दुर्बीण दोन पावसाळे टिकवणं हे मेहनतीचं काम आहे. बुरशीचे तंतू कोटिंग खातात, पुढे काचही खातात. साफ केल्यावर तंतू जातात पण डाग राहतो. कपाटात, कापडी किंवा चामडी पाऊचमध्ये दुर्बीण कधीच ठेवू नका, ओल धरतं. झाकणाला रबर असलेला जेवणाचा डबा, त्यात २००-२५० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत वापरायचं. शाळेला तर हे सहज जमेल, पाचही एकाच मोठ्या डब्यात मावतील.

फोर्टवाला

किमतीचं दुसरं अंग लिहितो. साध्या बाजारात मिळणारी जवळजवळ प्रत्येक दुर्बीण आयात केलेली असते. तिच्यावर आयात शुल्क, मग १८ टक्के जीएसटी (नोव्हेंबर २०१७ च्या आधी २८ होता), मग आयातदार, वितरक, दुकानदार यांचे हिस्से. म्हणूनच परदेशी संकेतस्थळावरची किंमत रुपयांत करून 'इथे लुटतात' म्हणणं बरोबर नाही.

पण फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या बाजारात असो वा ऑनलाइन, तोच मॉडेल कुणी २५ टक्के कमी दराने देत असेल तर खोक्यावरचं लेबल वाचा. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनली ते, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क इतकं छापलेलं हवं. लेबलच नसेल तर तो माल ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत आयातदाराला वगळून आलेला. दुर्बीण अस्सल असेलही, पण भारतातला आयातदार तिची वॉरंटी बहुधा घेणार नाही. दुर्बिणीच्या बाबतीत ही वॉरंटीच महत्त्वाची, कारण अलाइनमेंट (दोन्ही नळ्या एकाच दिशेला जुळवणं) पुन्हा करून देणारे कारागीर फार थोडे आहेत.

ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते बघा, संकेतस्थळ कुठलं ते नाही. एकाच पानावर चार विक्रेते असतात.

शिक्रा

फार उपयोगी माहिती मिळतेय. अलाइनमेंटचा उल्लेख आलाच आहे तर, मुलांच्या हातात देणार म्हटल्यावर मला त्याचीच जास्त काळजी आहे. ते दुकानात उभ्याउभ्या कळतं का?

लोलक

थोडंफार कळतं. नीट कळायला रात्र लागते. सविस्तर सांगतो, कारण स्वस्त दुर्बिणीचा हा एक नंबरचा दोष आहे आणि सगळ्यात फसवाही. डोळे दोन चित्रं ओढून-ताणून एक करतात. दुकानात दोन मिनिटं बघितलं तर सगळं उत्तम वाटतं. अर्ध्या तासाने कपाळ ठणकतं आणि माणूस समजतो की आपल्यालाच दुर्बीण झेपत नाही.

दिवसा : दुर्बीण तिपाईवर किंवा कठड्यावर पक्की टेकवा. शंभर-दोनशे मीटर पलीकडची आडवी रेघ पकडा, विजेची तार किंवा गच्चीची कड. फोकस करा आणि डोळे आयपीसपासून १०-१५ सेमी मागे घ्या. दोन छोटी वर्तुळं वेगवेगळी दिसतील. दोन्हीत ती रेघ एकाच उंचीवर हवी. एकीत वर, दुसरीत खाली दिसली तर दुर्बीण परत करा. डोळे आत वळवून चित्र जुळवायची आपल्याला सवय असते, जवळचं वाचताना तेच करतो. बाहेर वळवणं त्यापेक्षा अवघड. आणि एक डोळा वर, एक खाली हे तर डोळ्यांना जवळजवळ जमतच नाही. त्यामुळे उभी चूक सगळ्यात वाईट.

रात्री : अभिजित किंवा व्याधासारखा ठळक तारा घ्या. दोन्ही बाजू फोकस करून मग उजव्या आयपीसचं डायऑप्टर (दोन डोळ्यांतला फरक जुळवायची कडी) पूर्ण फिरवा. डाव्या डोळ्याला बिंदू आणि उजव्याला फुगलेली चकती दिसेल. मेंदूला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात, त्यामुळे तो त्यांना जुळवायची धडपड कमी करतो. बिंदू चकतीच्या आत, मध्याजवळ हवा. डोळे चार-पाच सेकंद मिटून उघडा आणि पहिल्या क्षणी काय दिसतं ते पकडा. नंतर मेंदू सांधून घेतो.

आणि ही परीक्षा बिजागरीच्या तीन स्थितींत करा : नळ्या सगळ्यात जवळ, मध्ये, सगळ्यात लांब. कारखान्यात एकाच स्थितीला जुळवून पाठवलेला नग दुसऱ्या रुंदीला बिघडतो. पाच वेगवेगळ्या मुलांच्या डोळ्यांसाठी हे तपासलंच पाहिजे.

देवयानी

लोलक यांच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन. एक भर : पॉवर जितकी जास्त तितकी हीच चूक मोठी होऊन डोळ्याला जाते. नळ्यांमध्ये तेवढाच वाकडेपणा असेल तर १०× मध्ये तो ८× पेक्षा जास्त टोचतो, १५× मध्ये असह्य होतो. त्यामुळे आकाशदर्शनाच्या हौसेने स्वस्तातली १५×७० वगैरे शाळेसाठी घेऊ नका. दीड किलोच्या आसपास वजन, तिपाईशिवाय उपयोग नाही आणि जरा धक्का लागला की अलाइनमेंट गेली.

८×४२ ने गुरूचे चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका सगळं दाखवता येतं. शनीची कडी दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

आता मूळ मुद्द्यावर माझा मतभेद. सगळे रूफ प्रिझम धरूनच बोलताय. १२ हजारांत पोरो का नको? पोरोत छपराचा कोन नाही, आरशाचं कोटिंग नाही, फेज कोटिंगची (छपरामुळे पुसट होणारा पोत सुधारणाऱ्या थराची) गरज नाही. चारही परावर्तनं पूर्ण आंतरिक. म्हणजे महागडी कामं मुळात करावीच लागत नाहीत. आठ-दहा हजारांची चांगली पोरो चित्राच्या बाबतीत १८-२० हजारांच्या रूफला ऐकत नाही.

माळढोक

पोरोची तरफदारी समजते, पण मुलांच्या हातात? पोरो रुंद असते, लोलक बाजूला अडकवलेले असतात, पडली की पहिल्यांदा तेच सरकतात. शिवाय बहुतेक पोरोत फोकस करताना आयपीसचा आडवा पूल बाहेर-आत होतो, तिथून धूळ आणि दमट हवा आत जाते. रूफमध्ये फोकस आतल्या आत होतो, ओ-रिंग बसवून नायट्रोजन भरणं सोपं.

देवयानी

@माळढोक, वॉटरप्रूफ पोरोही असतात. निकॉनची अ‍ॅक्शन ईएक्स ८×४० घ्या, तिच्यात नायट्रोजन आहे. त्याच कंपनीची अ‍ॅक्युलॉन ८×४२ पोरो आहे पण वॉटरप्रूफ नाही. हा फरक नक्की बघावा.

पडल्यावर लोलक सरकतो हे खरं. पण पोरो दुरुस्तही होते. रबराच्या आवरणाखाली प्रत्येक लोलकाशी बारीक स्क्रू असतो, काहींत ऑब्जेक्टिव्हभोवती मध्य बाजूला सरकवलेल्या दोन कड्या असतात, त्या फिरवून प्रतिमा हलवता येते.

तांबट

स्क्रूबद्दल कळकळीची विनंती : यूट्यूब बघून ते फिरवू नका. स्क्रू पाव फेराही जास्त फिरला तरी लोलकाच्या कडेचा टवका उडतो. आणि घरी जुळवली की ती एकाच रुंदीला जुळते. वर लोलक म्हणाले तो दोष आपणच तयार करतो. बिजागरीच्या अक्षाला दोन्ही नळ्या समांतर करायला कॉलिमेटर हे जुळवणीचं खास यंत्र लागतं.

पोरो घेताना दोन गोष्टी. आयपीसच्या एका बाजूवर बोटाने हलका दाब द्या; चित्राचा फोकस बिघडला तर पूल लवचीक आहे. मुलं डोळा दाबून धरतात, त्यांना ती कधीच स्पष्ट दिसणार नाही. दुसरं, फोकसचं चाक एका दिशेने आणि मग उलट फिरवा. मध्ये काही अंश मोकळं फिरत असेल तर आतले आटे सैल आहेत. चाक फिरवताना चित्र बाजूला उडी मारत असेल तर आतली नळी डुलतेय. रूफमध्येही हेच बघायचं. तिथे बहुधा फोकसची आतली काच हलते.

डायऑप्टरची कडी इतकी सैल नको की पाऊचमधून काढतानाच फिरेल. एक नळी हातात धरली तर दुसरी आपल्या वजनाने खाली पडू नये.

ऋजुता

चष्मेवाल्या मुलांचं काय? 'आय रिलीफ' (आयपीसपासून डोळा किती लांब ठेवता येतो ते अंतर) १५-१६ मिमीच्या खाली असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसत नाही. खोक्यावर १७ लिहिलं असलं तरी तो आकडा पुष्कळदा काचेपासून मोजतात, आणि काच आयपीसच्या रबरी कपाच्या कडेपासून तीन-चार मिमी आत बसवलेली असते. त्यामुळे आकड्यावर न जाता चष्मा घालून, कप पूर्ण खाली करून, वर्तुळाची काळी कड चहूबाजूंनी दिसते का ते बघा.

शिक्रा

@ऋजुता, हे अगदी वेळेवर सांगितलंत, निम्म्या मुलांना चष्मा आहे.

माळढोक

रूफ घेतलीच तर 'फेज कोटिंग' आहे का हे बघायची सोपी युक्ती देतो. झाइसने ते १९८८ मध्ये आणलं, आता मधल्या किमतीतही मिळतं. छपराच्या दोन पृष्ठांवरून येणारे किरण एकमेकांशी किंचित बेताल होतात, त्याने बारीक पोत पुसट होतो : चंडोलाच्या छातीवरच्या रेघा, शिक्र्याच्या पोटावरचे पट्टे.

लॅपटॉपचा पांढरा एलसीडी पडदा लावा, त्याचा प्रकाश ध्रुवित (पोलराइज्ड) असतो. दुर्बीण त्याकडे रोखून आयपीसमागे पोलराइज्ड गॉगलची काच धरून फिरवा आणि हातभर अंतरावरून एक्झिट प्यूपिल बघा. ठिपक्याचे मधोमध दोन भाग पडून एक काळा, एक उजळ असं आलटून-पालटून होत असेल तर फेज कोटिंग नाही. दोन्ही भाग एकदमच काळे-उजळ होत असतील तर आहे. ओलेड पडद्यावर हे कधी फसतं, म्हणून साधा एलसीडी घ्या.

रात्री दूरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा. दिव्यातून आरपार एक लांब टोकदार रेघ निघत असेल तर छपराची धार जाड घासलेली आहे.

मृग_नक्षत्र

आणि आरशाचं कोटिंग. श्मिट-पेचानच्या एका पृष्ठावर आरसा करावाच लागतो. अ‍ॅल्युमिनियम ९० टक्क्यांच्या आसपास परत देतं, चांदी त्याहून बरी, डायइलेक्ट्रिक थर ९९ च्या वर. डायइलेक्ट्रिक महाग, कारण एकावर एक कितीतरी थर चढवावे लागतात. ईडी काच (रंगांची किनार कमी करणारी), फेज कोटिंग, डायइलेक्ट्रिक आरसा ही तिन्ही एकत्र साधारण २५-३० हजारांच्या रूफमध्ये दिसायला लागतात. निकॉनची मोनार्क एम५ हे त्याचं उदाहरण.

त्याच्या पुढे प्रत्येक दहा हजारांना मिळणारी सुधारणा कमी कमी होत जाते. लाखाच्या वर मिळतं ते म्हणजे कडेपर्यंत सपाट स्पष्ट चित्र, उजेडाकडे तोंड करून बघतानाही धुरकट न होणं, आणि आज घेतलेला नग व दहा वर्षांनी घेतलेला नग यात फरक न सापडणं.

पाणलावा

ईडी काच आहे की नाही हे कळतं का?

मृग_नक्षत्र

काच कुठली आहे ते नाही कळत, परिणाम कळतो. पांढऱ्या ढगाळ आकाशासमोर तारेवर बसलेला कावळा बघा. एका कडेला जांभळी, दुसरीला हिरवट-पिवळी किनार दिसते. मधोमध धरल्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली तर उत्तम. डोळा जरा बाजूला गेला तरी किनार वाढते, तेव्हा आधी डोळ्यांतलं अंतर नीट जुळवा.

फोर्टवाला

जुन्या जपानी दुर्बिणींबद्दल कुणी बोललं नाही. गुणवत्तेची खात्री देणं म्हणजे काय हे जपानने करून दाखवलं. युद्धानंतर जपानी मालाची ख्याती 'स्वस्त आणि टाकाऊ' अशी होती. त्यांनी १९५७ मध्ये निर्यात तपासणीचा कायदा केला, आणि दुर्बिणींसाठी वेगळी तपासणी संस्था. पास झालेल्या मालावर सोनेरी रंगाची छोटी लंबगोल 'पास्ड' चिठ्ठी. बॉडीवर 'जे-बी' अक्षरं आणि क्रमांक, त्यावरून कारखाना शोधता यायचा. वर ब्रँडचं नाव काहीही असो, दोष कुणाचा ते सापडत असे. काम झालं म्हणून १९९७ मध्ये तो कायदाच रद्द केला.

आपल्याकडे हेल्मेट आणि प्रेशर कुकरला आयएसआयची सक्ती आहे, दुर्बिणीला नाही. आयएसओ १४१३३ हे दुर्बिणींचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात साध्या आणि उच्च दर्जाच्या दुर्बिणींसाठी वेगवेगळे भाग आहेत. पण ते पाळल्याचं खोक्यावर लिहिलेलं क्वचितच दिसतं. शाळा, वनविभाग, मंडळं अशी घाऊक खरेदी करणाऱ्यांनी निविदेत ते घातलं तर पुरवठादार आपोआप सरळ होतील.

धनेश_गुहागर

जुन्या बाजारात अशा जपानी आणि रशियन पोरो अजून मिळतात. बांधणी दणकट, पण सेकंडहँड घेताना ऑब्जेक्टिव्हकडून टॉर्च मारून आयपीसमधून तिरकं बघा : कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, दुधी पट्टा म्हणजे लोलकावर धूसरपणा, भिंगाच्या कडेला सोनेरी चट्टे म्हणजे डिंक सुटलाय. शाळेसाठी मात्र जुनं घेऊ नये, ऑडिटलाही अडचण.

देहरादूनला इंडिया ऑप्टेल लष्करासाठी दुर्बिणी बनवते. आपल्या ८×४२ च्या गरजेला मात्र आयातच आहे.

शिक्रा

मूळ प्रश्नाकडे येतो. दोन बऱ्या रूफ की पाच पोरो?

लोलक

पाच पोरो. वीस मुलांत दोन दुर्बिणी म्हणजे पक्षी उडून गेल्यावर नंबर लागतो. बरंच लिहून झालंय, तरी एक मोठी गोष्ट राहिली : डोळ्यांतलं अंतर. ८×४२ च्या नळ्या साधारण ५६ मिमीपर्यंत जवळ येतात. आठवीतल्या काही मुलांचं अंतर ५५ च्या आत असतं; त्यांना दोन वर्तुळं कधीच एक दिसत नाहीत आणि ती एक डोळा मिटून बघतात. म्हणून चार पोरो ८×४० किंवा ८×४२, आणि एक दोन बिजागऱ्यांची ८×२५, जी त्याहून जवळ येते. सकाळच्या उजेडात ३.१ मिमीचा एक्झिट प्यूपिल पुरतो. संध्याकाळी आणि ताऱ्यांना ती कामाची नाही. खरेदीआधी साध्या पट्टीने सगळ्या मुलांचं अंतर मोजून घ्या.

देवयानी

आणि ८× सोडून १०× घेऊ नका. मुलांचे हात हलतात, १०× मध्ये सगळंच थरथरतं. ८× ला दृष्टिक्षेत्र १००० मीटरवर १३०-१४० मीटर मिळतं, त्यात पक्षी पटकन सापडतो.

फोर्टवाला

पाचही एकाच दुकानातून घ्या आणि ठरवतानाच बोला : 'आम्ही सात उघडून बघू, त्यातल्या पाच घेऊ.' संस्थेच्या ऑर्डरला बरेच दुकानदार तयार होतात. बिलावर प्रत्येक नगाचा अनुक्रमांक लिहून घ्या. ऑनलाइन घेतल्या तर परत करायची मुदत किती आणि 'बदलून मिळेल' की 'पैसे परत' हे आधी वाचा. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. सदोष माल बदलून देत नसतील तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

तांबट

तपासायचा क्रम सांगतो, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. दुकानात आधी बिजागरी-चाक-डायऑप्टर, मग आडव्या रेघेवर अलाइनमेंट, मग एक्झिट प्यूपिलचा आकार, शेवटी ट्यूबलाइटखाली कोटिंग आणि आत धूळ-बोटांचे ठसे. नगामागे दहा मिनिटं. धुळीचे एक-दोन कण असले तर सोडून द्या, त्याने चित्राला काही होत नाही. टॉर्चने व्यास आणि ताऱ्यावरची परीक्षा त्याच रात्री शाळेच्या गच्चीवर, परत करायची मुदत संपायच्या आत.

शिक्रा

ठरलं. चार पोरो, एक दोन बिजागऱ्यांची लहान, उरलेल्या पैशात रबरी झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक तिपाई. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर सोमवारी मोजतोय.

तिपाईला दुर्बीण जोडायला वेगळं काही लागतं का?

तांबट

लागतं. बिजागरीच्या पुढच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, ती फिरवून काढली की आत पाव इंची आट्यांचं भोक. त्यात एल आकाराचा अडॅप्टर बसतो, शक्यतो धातूचा घ्या. टोपी खाली भोकच नाही अशाही दुर्बिणी निघतात, आणि दोन बिजागऱ्यांच्या लहान दुर्बिणीत तर ते बहुधा नसतंच. दुकानात टोपी काढून बघा.